चिंच येईपर्यंत बोलायचं नाही

पहिल्या दिवशी लाँचवर चढले आणि शेजारच्या बाईला एवढंच विचारलं, की पलीकडं पोचायला किती वेळ लागतो. तिनं उत्तर द्यायच्या ऐवजी ओठांवर बोट ठेवलं. पुढून आवाज आला, "बाई, चिंच येऊस्तोर तोंड बंद."

बोलणारा माणूस माझ्याकडं बघतही नव्हता. तो इंजिनाच्या पेटीवर वाकला होता. एक हातभर लांबीचा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, त्यानं इंजिनाच्या डोक्यावर टेकवला होता आणि त्याची लाकडी मूठ कानाला लावून डोळे मिटले होते. सुकाणूचा दांडा तो कमरेनं रेटत होता. भोवती पंधरा-वीस माणसं, दोन शेळ्या, एक मोटारसायकल. माणसं तर माणसं, शेळ्यासुद्धा गप्प होत्या. मला वाटलं, कुणी तरी गेलंय आणि आपण चुकून मयताच्या लोकांत येऊन बसलोय.

पाण्याच्या मध्यावर एक वाळलेली चिंच उभी होती. धरण होण्याआधी ती कुणाच्या तरी बांधावर असणार. आता साल गेलेली, पांढरी पडलेली, फांद्यांवर पाणकावळे. ती मागं पडली तसा त्या माणसानं पेचकस खाली ठेवला आणि सगळी लाँच एकदम बोलायला लागली. शेजारच्या बाईनं मग मला सांगितलं, "लई टाइम न्हाई लागत. पन मिस्त्रीचाचाला आदी इंजिन ऐकू द्या लागतंय."

औंढ्याच्या पुढं हे धरणाच्या फुगवट्याचं पाणी आहे. माझी शाळा पाण्याच्या पलीकडं. रस्त्यानं जायचं तर दोन एसट्या आणि वर पायपीट, म्हणजे निम्मी सकाळ गेली. नवरा आणि मुलगी वसमतला, मी आठवडाभर औंढ्यात खोली घेऊन राहणार, शनिवारी घरी जाणार, असा आमच्या संसाराचा नकाशा होता. बदलीचा अर्ज मी रुजू झाले त्याच वर्षी टाकला होता. त्यामुळं ती मच्छीमार सोसायटीची जुनाट लाँच आणि तिचा तो विक्षिप्त चालक यांच्यावर माझी नोकरी, माझी झोप आणि माझं डोकं ठिकाणावर राहणं, हे सगळं अवलंबून होतं. मला त्यांच्याबद्दल प्रेम वगैरे वाटायचं काही कारण नव्हतं. मला फक्त वेळेवर पोचायचं होतं.

चाचा मूळचे डोंगरकड्याचे. विहिरीवरची ऑइल इंजिनं आणि ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. सोसायटीनं ही लाँच कुठल्या तरी लिलावात घेतली, तेव्हा तिच्या पोटात बसवलेलं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन कुणालाच चालू करता येईना. चाचांना एका दिवसासाठी बोलावलं. ते आले, इंजिन चालू केलं, आणि परत गेलेच नाहीत. का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "चालू केलं म्हनून जबाबदारी आली ना बाई. पोरगं जन्माला घालून कुनी डोंगरकड्याला निघून जातं का?" त्यांचं स्वतःचं पोरगं हैदराबादला मोटारींच्या मोठ्या वर्कशॉपात होतं. त्याच्याबद्दल मात्र चाचा तुच्छतेनं बोलत. "त्याला इंजिन दिसतच न्हाई. वायर लावतो आन् कंप्युटरला विचारतो, बाबा तुला काय तकलीफ हाय."

नम्रपणा त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता. औंढा, वसमत, कळमनुरी, तीन तालुक्यांत इंजिन कळणारा माणूस एकच, आणि तो कोण हे ते स्वतः सांगत. दुसऱ्या मिस्त्र्याचं नाव काढलं की थुंकत. चुकून कुणी उतारू खुश होऊन म्हणाला, "चाचा, आज लाँच मस्त चालू हाय," तर त्याच्यावर डोळे वटारत. "मस्त म्हनू नका. चालू हाय म्हना." मस्त म्हटलेल्या प्रत्येक इंजिनाला त्यांनी आठवडाभरात बंद पडताना पाहिलं होतं, असं त्यांचं म्हणणं.

इंजिनाची भाषा मी त्यांच्याकडूनच शिकले. मला शिकायची नव्हती, मी डी.एड. झालेली बाई. पण रोज जाऊन-येऊन कानावर पडलं की माणूस कशातही तयार होतो. प्रत्येक सिलिंडरला दोन वॉल, म्हणजे झडपा. एक हवा आत घेतो, एक धूर बाहेर सोडतो. खालून एक बारीक दांडी वर उचलते, ती वरच्या लोखंडी बोटाला ढकलते, ते बोट वॉलला दाबतं. दांडी म्हणजे पुशरॉड, बोट म्हणजे रॉकर. बोट आणि वॉल यांच्यात केसभर जागा सोडावी लागते, तिला ते टापेटची गॅप म्हणत. गॅप जास्त झाली की खडखड वाजतं. अजिबात ठेवली नाही तर आवाज बंद होतो, लोक खुश होतात, आणि वॉल पुरता मिटत नाही म्हणून जळून जातो. "थोडं वाजलंच पाह्यजे," चाचा म्हणत. "बिलकुल गप झालेलं इंजिन आन् बिलकुल गप झालेली बायको, दोन्हीपासून सावध राह्यचं."

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचे चार भाऊ होते आणि इंजिनाला चार वॉल. चाचांनी हिशेब जुळवून टाकला होता. पहिला वॉल म्हणजे थोरला साला, नेहमी कुरकुरणारा. दुसरा साला खादाड, डिझेल पिणारा. चौथा सगळ्यात धाकटा, कधी काय करील नेम नाही. तिसरा साला गरीब. त्याचा आवाज कधी येत नसे, आणि चाचा त्याला शिवीही देत नसत. "तिसरा लई सज्जन हाय," ते लाँचवरच्या नव्या माणसाला सांगत. नव्या माणसाला वाटे खरोखरीच्या मेहुण्याबद्दल बोलतायत, आणि तो मान डोलावे.

गॅप मोजायला पोलादी पट्ट्यांचं फिलर गेज असतं. चाचांकडं ते होतं, तेल लावून कापडात गुंडाळलेलं, पण वापरत नसत. ते वापरत पत्त्यांच्या कॅटमधलं पान, तेही चौकटची दुर्री. चित्राच्या पानावर रंग जास्त, म्हणून जाडी जास्त, हे त्यांचं शास्त्र. रॉकरखाली दुर्री सरकवायची, ओढायची, आणि "पान जरासं नखरा करून निघालं" की गॅप बराबर. दुर्री झिजली की ते धक्क्यावरच्या चहाच्या टपरीमागं पत्ते खेळणाऱ्यांकडून दुसरी उचलत. आमच्या धक्क्यावर कुठल्याच कॅटमध्ये चौकटची दुर्री नसे. खेळणारे ती नाहीच असं धरून खेळायचे आणि बाहेरगावचा पाहुणा डावात बसला की त्याला आधी तसं सांगायचे.

हे सगळं गमतीचं वाटतं आता. तेव्हा रोज सहन करायला लागलं की डोक्याला ताप होई. पहाटे उठून डबा, मग धक्का, मग ती सक्तीची शांतता. लग्नाच्या वऱ्हाडाला चाचांनी चिंचेपर्यंत बेंजो वाजवू दिला नव्हता. एका ग्रामसेवकाचा मोबाइल वाजला तर म्हणाले, "त्याचं तोंड दाबा, न्हाईतर तुमाला चिंचेवर उतरवतो." ग्रामसेवक चिडला, तक्रार करीन म्हणाला. पण तक्रार करून काय होणार? दुसरं कुणी ते इंजिन चालवूच शकत नव्हतं, हे चेअरमनपासून शेळ्यांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

एक दिवस मात्र मी विसरले नाही. पलीकडच्या गावातली एक बाई नांदेडच्या दवाखान्यातून परत येत होती. तिचा भाऊ तिथंच वारला होता. ती लाँचवर चढली तेव्हा पदर तोंडात कोंबलेला. सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस हिलाही गप्प बस म्हणणार. लाँच सुटली, चाचांनी पेचकस उचलला, आणि बाईचा हुंदका फुटला. तिनं तो दाबायचा प्रयत्न केला, कारण नियम तिलाही पाठ होता. चाचांनी एकदा तिच्याकडं पाहिलं आणि इंजिन बंद केलं. पाण्याच्या मधोमध, वारा नाही, लाँच तशीच तरंगत राहिली.

"रड माय," चाचा म्हणाले. "दोन्ही एकदम ऐकू येत न्हाई मला. आदी तू."

ती मोठ्यानं रडली. आम्ही सगळे बसून राहिलो. कुणाची एसटी चुकली, माझी प्रार्थनेची घंटा चुकली. तिचं रडणं ओसरल्यावर तिनं पाण्यानं तोंड धुतलं आणि मान हलवली, मग चाचांनी हँडल मारलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस नुसता खडूस नाही. मुख्याध्यापकांनी उशिराबद्दल विचारलं तेव्हा मी खरं कारण सांगितलं नाही, सांगून त्यांना कळलं नसतं.

पुढं पुढं चाचांचा नियम वाढायला लागला. आधी चिंचेपर्यंत गप्प बसायचं होतं. मग चिंचेच्या पुढच्या खडकापर्यंत. मग एका उन्हाळ्यात त्यांनी जाहीर केलं की पलीकडचा काठ लागेपर्यंत कुणी बोलायचं नाही. लोक म्हणाले, म्हातारं आता येडं झालं. मीही वैतागले. त्या फेरीत शेजारणीशी दोन शब्द बोलणं हीच माझ्या दिवसातली करमणूक होती.

पण मी शिक्षिका होते, आणि दरवर्षी पहिलीच्या वर्गात एखादं लेकरू असं येतं, की जे बाई बोलायला लागल्या की बाईंच्या तोंडाकडंच टक लावून बघतं. घरचे म्हणतात, पोरगं मंद आहे. ते मंद नसतं, त्याला ऐकू कमी येत असतं. चाचा आता माझ्या तोंडाकडं तसेच बघायला लागले होते. मग मी पेचकसाकडं लक्ष दिलं. पूर्वी मूठ कानाच्या भोकावर असे. आता ती कानामागच्या हाडावर गेली होती. काही महिन्यांनी ते ती मूठ दातांत धरायला लागले, सुपारी खाल्ल्यासारखं तोंड करून. उतारू हसले. मी हसले नाही. मला भीती वाटली.

ती त्यांच्यासाठी किती आणि माझ्यासाठी किती, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. सोसायटीच्या चेअरमननं त्याच सुमारास बैठकीत सांगितलं होतं, की लाँच चालवणाऱ्याचे डोळे-कान धड नसतील तर त्याला घरी बसवायचं, उद्या काही झालं तर जबाबदारी आपल्यावर येते. त्याचं चूक नव्हतं. पण चाचा घरी बसले की इंजिन बसणार होतं, आणि इंजिन बसलं की लाँच. मग मी पुन्हा दोन एसट्या आणि पायपीट. आणि चाचा कुठं जाणार होते? हैदराबादला, पोरग्याच्या फ्लॅटमध्ये, जिथं दुरुस्त करायला एक पंखासुद्धा नाही. मी कुणालाच काही बोलले नाही.

पावसाळ्यात वाऱ्याचे आठवडे असतात तेव्हा सोसायटी लाँच बांधून ठेवते. त्या वर्षीही ठेवली. चाचांनी नेहमीसारखी ताडपत्री घातली, इंजिनाच्या पेटीवर दगड ठेवले, हवेच्या नळीवर डालड्याचा डबा उलटा घातला. आमच्याकडं ट्रॅक्टरच्या धुराड्यावर घालतात तसाच. मी ते आठवडे वळशानं शाळेत गेले आणि रोज संध्याकाळी पाय गरम पाण्यात घालून बसले.

लाँच पुन्हा सुरू झाली त्या सकाळी पहिल्या हँडलाला इंजिन खोकलं, दुसऱ्याला धरलं. आणि लगेच ऐकू आलं. टक्, टक्, टक्, एका लयीत, कुणी तरी आतून दार वाजवावं तसं. मधूनच हवेच्या नळीतून फुस्स. मागं काळा धूर. चाचांनी पेचकस दातांत धरला, डोळे मिटले, आणि समाधानानं मान हलवली.

लाँचवर सगळ्यांनी ते ऐकलं. सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. आणि कुणीही बोललं नाही, कारण बोलायचं नसतं. हे एवढं साधं होतं. वर्षानुवर्षं पाळून पाळून नियम अंगात मुरला होता. पलीकडं उतरल्यावर मी एका कोळ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "चाचा सोता ऐकून राह्यले ना बाई. आपल्याला काय कळतंय त्यातलं." तीन-चार दिवस असेच गेले. टक् टक् वाढत गेलं, लाँचचा वेग कमी होत गेला, आणि माणसं अदबीनं गप्प बसून राहिली.

मग एका संध्याकाळी सगळे उतरले तरी मी उतरले नाही. चाचांसमोर जाऊन उभी राहिले, म्हणजे माझं तोंड त्यांना दिसेल.

"चाचा, इंजिन वाजतंय."

"वाजनारच. इंजिन हाय, तसबीर न्हाई."

"तसं नाही. टक् टक् वाजतंय. सगळ्यांना ऐकू येतंय."

त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता शिव्या बसणार. मुलांना शिकवा, इंजिन मला शिकवू नका, असं काही तरी ते बोलायला लागले आणि मध्येच थांबले. मग खाली बसले. बराच वेळ त्यांनी हात इंजिनाच्या गरम झाकणावर ठेवला. चटका बसत असणार.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

"चालू केलं त्या दिवसापासून."

"मंग कोनी बोललं काहून न्हाई?"

त्यांनीच उत्तर दिलं. "व्हय. बोलायचं न्हाई ना."

त्यांनी मला दुसरं काही विचारलं नाही, की तुम्हाला माझ्याबद्दल कधी कळलं, आणखी कुणाला माहीत आहे. फक्त म्हणाले, "ऐतवारी वसमतला जाऊ नका बाई. मला कान लागतील."

मी मुलीला फोन केला, या रविवारी येत नाही म्हणाले. ती रुसली. मी त्या माणसावर मनातल्या मनात खूप चिडले, आणि रविवारी सकाळी धक्क्यावर गेले.

इंजिन चालू करून त्यांनी मला पेचकस दिला. "कानात घालू नका, कानाला लावा. एकेका साल्याकडं जावा." मी लावला. पहिला कुरकुरत होता, नेहमीचाच असावा. दुसरा, चौथा, सारखेच. तिसऱ्यावर टेकवला आणि ते टक् टक् सरळ माझ्या डोक्यात शिरलं. मी तीन बोटं दाखवली. चाचा माझ्याकडं बघतच राहिले. "तिसरा? तो तर सज्जन."

झाकण निघालं, रॉकर निघाले, पुशरॉड निघाले. त्यांनी लाँचच्या खिडकीची काच काढून आडवी ठेवली आणि तिच्यावर एकेक दांडी घरंगळवली. तीन सरळ गेल्या. तिसऱ्या साल्याची लंगडत गेली. ती वाकली होती, कारण ज्या वॉलला ती ढकलत होती तो जागचा हलतच नव्हता. चाचांनी लाकडाच्या ठोकळ्यावरून हळू ठोकून पाहिलं, रॉकेल सोडून पाहिलं. मग सगळं हेड, म्हणजे इंजिनाचं डोकंच, खोललं. त्या कामात दुपार गेली. ते येता जाता सगळ्यांना दोष देत होते. डिझेलमध्ये भेसळ, सोसायटीनं आणलेलं हलकं तेल, मच्छीमारांच्या पोरांनी लाँचवर मारलेल्या उड्या. मी मान हलवत होते, माझी पाठ मोडून आली होती.

वॉल हातात आला तेव्हा त्याच्या दांडीवर गंज होता. लाल, दाणेदार, पाण्याचा गंज. चाचांनी तो अंगठ्यानं पुसला. अंगठा लाल झाला. मग ते उठले, लाँचच्या मागच्या टोकाला गेले, वाकून धूर बाहेर टाकणाऱ्या नळीकडं पाहत राहिले. ती पाण्याच्या जेमतेम वर होती. वाऱ्याच्या आठवड्यांत लाटा तिच्यावर आपटत होत्या आणि पाणी आत चढत होतं, धूर सोडणाऱ्या त्या तिसऱ्या वॉलपर्यंत.

परत येऊन बसले तेव्हा शिव्या संपल्या होत्या. "पानी खालून बी येतं बाई," ते म्हणाले. "हिरीवर येत न्हाई, ट्रॅक्टरवर येत न्हाई. तितं वरूनच येतं. म्या वरून डबा घातला. इतकी वर्सं पान्यावर राहून बी म्या रानातलाच मिस्त्री राह्यलो." असं स्वतःविषयी बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं काही तरी धीराचं बोलावं, पण ते माझ्या तोंडाकडं बघत नव्हते, त्यामुळं बोलून उपयोग नव्हता.

नवा पुशरॉड मी पुढच्या शनिवारी वसमतच्या भंगार बाजारातून आणला. नमुन्याला चाचांनी वाकडा दिला नाही, सरळ दिला. "वाकड्याच्या मापानं आनाल तर सगळंच बिघडंल." मी ती दांडी पर्समध्ये घालून हळदीच्या पोत्यांच्या गाड्यांमधून वाट काढत गेले. भंगारवाला माझ्या साडीकडं आणि दांडीकडं आळीपाळीनं बघत होता. जुन्या ट्रॅक्टरच्या ढिगातून त्यानं एक काढली, दोन्ही शेजारी धरून दाखवल्या, बरोबर निघाल्या. तो आठवडा लाँच बंदच होती, तोवर चाचांनी वॉल घासून बसवला होता. घासायची पेस्ट लावून, काडीला अडकवून, दोन्ही तळहातांत रवीनं ताक घुसळावं तसा त्यांनी तो फिरवला होता. ते काम त्यांना कानाशिवाय येत होतं. दुर्री घालून गॅप लावणंही येत होतं, ते बोटांचं काम. येत नव्हतं ते फक्त शेवटचं.

रविवारी संध्याकाळी नवी दांडी बसवून त्यांनी हँडल मारलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी पेचकस चारही ठिकाणी लावला. मग हात आडवा धरला, स्थिर. बराबर. त्यांनी डोळे मिटले आणि चेहऱ्यावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाँच सुटली, माणसं सवयीनं गप्प बसली, आणि चाचा पुढून म्हणाले, "बोला."

कुणाला कळेना. त्यांनी पुन्हा सांगितलं. "बोला ना. मयतीला चालले काय?" मग जो गलका उठला! म्हाताऱ्याला अक्कल आली, कुणी म्हणालं. मोबाइलवर गाणी लागली. कॉलेजच्या पोरी खिदळायला लागल्या. शेजारची बाई, जिनं पहिल्या दिवशी ओठांवर बोट ठेवलं होतं, मला भाजीचे भाव सांगायला लागली. मी तिला हातानं थांबवलं. मी इंजिनाच्या पेटीशेजारी, चाचांच्या समोर बसले होते आणि मला ऐकायचं होतं. ती नाराज झाली. लवकरच गावात झालं, की बाई अलीकडं फार शिष्ट झाल्यात.

पुढं दोनेक वर्षं आमचं असंच चाललं. हात आडवा म्हणजे ठीक, मूठ म्हणजे थांबवा. फेरीच्या मध्यावर ते एकदा बघत, मी हात धरी. एवढंच. त्यांनी आभार कधी मानले नाहीत, मीही मोठेपणा मिरवला नाही. धुराच्या नळीला मात्र वाऱ्याच्या दिवसांत लाकडाचं बूच लागायला लागलं. मी दिवसभर चाळीस पोरांचा आवाज ऐकून आणि जाता-येता इंजिन ऐकून इतकी शिणून जाई, की रात्री नवऱ्याचा फोन आला तरी नुसतं हं हं करी. कधी कधी वाटे, सगळ्या लाँचला ओरडून सांगावं, अरे गप्प बसा, पूर्वीसारखे गप्प बसा.

बदली झाली ती अशी अचानक, की मीच अर्ज विसरले होते. वसमतचीच शाळा मिळाली, घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. मुलगी फोनवर किंचाळली. चाचांना सांगायला मला चार दिवस लागले. सगळे उतरल्यावर सांगितलं, सावकाश, ओठ दिसतील असं.

"लेकरू खुश हाय का?" त्यांनी विचारलं.

"खूप."

"मंग जावा. इतं काय हाय, पानीच हाय."

मी म्हणाले, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी रोज याच लाँचनं जातात, समजूतदार आहेत, त्यांना मी खुणा शिकवते. चाचांनी मान हलवली. "नको. दोघांत होतं तवर ठीक. तिसऱ्याला सांगितलं की समद्यांना कळतंय. मंग ते मला बघून राहतील, लाँचला न्हाई."

मला अपराधी वगैरे वाटलं नाही, खरं सांगते. मी थकले होते आणि माझी मुलगी माझ्याशिवाय मोठी होत होती. पण शेवटच्या फेरीला मी पेटीशेजारी बसले, नीट ऐकलं, चारही साले शहाण्यासारखे चालले होते. मध्यावर मी हात आडवा धरला. चाचांनी पाहिलं नाही. ते सरळ पुढं, पाण्याकडं बघत राहिले. मी काठ लागेपर्यंत हात तसाच धरून ठेवला होता.

पंधरा-वीस दिवसांनी खिचडीवाल्या मावशींचा फोन आला. पोरं आठवण काढतात, नवे सर बरे आहेत, असं सगळं सांगून झालं. मग म्हणाल्या, आम्ही आता वळशानं येतोय, फायबरची नवी बोट येणार म्हणतात, येईल तेव्हा खरं. मिस्त्रीचाचानं काम सोडलं. तुम्ही गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी चेअरमनच्या टेबलावर लाँचच्या कुलपाची किल्ली ठेवली. चेअरमन हातापाया पडला, म्हणाला, इंजिन तर झकास चालू हाय, मंग काहून सोडता?

"तर म्हातारं काय म्हनलं ठाव हाय का बाई?" मावशींना बोलता बोलता हसू आवरेना. "म्हनलं, माझ्या कानाची बदली झाली वसमतला. चेअरमन असा हसला, असा हसला, समद्या गावाला सांगत फिरून राह्यला. आन् म्हातारं गेलं हैदराबादला, पोरग्याकडं."

त्या बराच वेळ हसत होत्या. मग थांबल्या, त्यांना वाटलं फोन कट झाला.

"बाई? ऐकू येऊन राह्यलं ना?"

"येतंय," मी म्हणाले.